आकड्यापासून आदेशापर्यंत

मे 2010 मध्ये अहमदाबाद शहरात पारा 46.8 अंश सेल्सियसपर्यंत चढला. त्या एका महिन्यात शहरात 4,462 मृत्यू नोंदले गेले. 2009 आणि 2011 या वर्षांतील मे महिन्यांच्या सरासरीहून ही संख्या 1,344 ने अधिक होती. हा हिशेब पुढे संशोधकांनी मृत्युनोंदी तपासून मांडला. प्रत्यक्ष त्या महिन्यात मात्र एवढा मोठा अनर्थ घडत असल्याची जाणीव फारशी कोणाला झाली नाही. भूकंप किंवा महापूर आपल्या मागे पडझडीच्या खुणा ठेवतो. उष्णतेची लाट तसे काही ठेवीत नाही. पत्र्याच्या खोलीत एखादी वृद्धा, रस्त्याच्या कामावर एखादा मजूर, अशी माणसे एकेकटी जातात. दाखल्यावर कारण म्हणून बहुधा दुसराच आजार लिहिला जातो आणि पहिला पाऊस पडला की सारे विस्मृतीत जाते.

आश्चर्य असे की, हा अनर्थ ज्ञानाच्या अभावी घडला असे म्हणता येत नाही. हवामान खाते रोजचे तापमान नोंदवीत होते. अतिउष्णतेने शरीराची काय अवस्था होते, हे वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होते. महापालिकेपाशी रुग्णालये होती, पाणी होते, कर्मचारी होते. उणीव होती ती या सर्वांना जोडणाऱ्या दुव्याची. पारा किती अंशांवर गेला असता कोणी काय करावयाचे, हे कोठेही लिहिलेले नव्हते. ज्याच्यापाशी ज्ञान होते त्याच्या हाती अधिकार नव्हता, आणि ज्याच्या हाती अधिकार होता त्याच्यापर्यंत ते ज्ञान उपयोगी पडेल अशा रूपात पोहोचतच नव्हते.

2013 मध्ये हा दुवा सांधण्याचा प्रयत्न झाला. अहमदाबाद महापालिका, गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था आणि अमेरिकेतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल यांनी काही सहकाऱ्यांसह शहरासाठी उष्णता कृती आराखडा सिद्ध केला. दक्षिण आशियातील हा अशा प्रकारचा पहिलाच आराखडा होय. त्यातील मध्यवर्ती कल्पना अगदी साधी आहे. तापमान 41.1 अंशांवर जाण्याचा अंदाज असेल तर पिवळा इशारा, 43.1 अंशांपासून नारिंगी आणि 45 अंशांपासून लाल. आणि प्रत्येक रंगासमोर महापालिकेच्या कोणत्या खात्याने कोणते काम करावयाचे याची नोंद. पुढील सात दिवसांचा अंदाज ई-मेलने ठरावीक अधिकाऱ्यांकडे येऊ लागला. शास्त्रज्ञाचा आकडा अशा रीतीने थेट कार्यालयीन आदेशाच्या भाषेत उतरला.

या देवघेवीत देणारा केवळ शास्त्रज्ञच होता असेही नाही. शहरातील एका रुग्णालयात नवजात अर्भकांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या गच्चीच्या थेट खाली होता. पुढे तो खालच्या मजल्यावर हलविण्यात आला आणि उष्णतेच्या विकाराने दाखल होणाऱ्या अर्भकांचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे तेथील नोंदींवरून दिसून आले. ही गोष्ट कोणत्याही उपग्रहाला दिसली नसती. ती रुग्णालयाच्या नोंदवहीत होती आणि तेथून ती शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मूल्यमापनात, आराखड्यानंतरच्या 2014 आणि 2015 या दोन वर्षांत दरवर्षी सरासरी सुमारे 1,190 मृत्यू टळले असावेत, असा अंदाज मांडला आहे. असे आकडे अंदाजाचेच असतात हे मान्य केले, तरी त्यांची दिशा दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आज हवामानविषयक ज्ञान इंटरनेटमुळे पूर्वी कधी नव्हते इतके सुलभ झाले आहे. 1988 मध्ये स्थापन झालेल्या आंतरशासकीय हवामान बदल समितीचे अहवाल कोणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यांच्याबरोबर धोरणकर्त्यांसाठी एक सारांश असतो आणि त्यातील ओळ न् ओळ सदस्य सरकारांच्या प्रतिनिधींनी शास्त्रज्ञांसमवेत बसून संमत केलेली असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी संपादित केलेला भारताविषयीचा अहवाल 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. 1901 ते 2018 या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढले, असे त्यात नमूद आहे. तोही सर्वांना खुला आहे.

परंतु दार उघडे असणे आणि घरात कोणी येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जालना किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील एखाद्या तहसीलदाराने हा इंग्रजी ग्रंथ उघडला, तरी 0.7 अंश या आकड्यावरून त्याने उद्या कोणते परिपत्रक काढावे? त्याला हवे असते ते एवढेच: आपल्या तालुक्यात येत्या आठवड्यात काय होईल, रोजगार हमीचे काम किती वाजता थांबवावे, शाळा सकाळची केव्हा करावी. शास्त्रज्ञ दीर्घकालीन सरासरीच्या भाषेत बोलतो, शासन तारखेच्या आणि तरतुदीच्या भाषेत. अहवाल प्रसिद्ध झाला की आपले कर्तव्य संपले असे पहिल्याने मानावे, आणि आपल्याला कोणी कळविलेच नाही असे दुसऱ्याने म्हणावे, यात दोघांचीही सोय आहे. किंमत मात्र तिसराच मोजतो.

दुव्याविना केलेले अनुकरणही तितकेच घातक ठरते. अहमदाबादचे यश पाहून अनेक शहरांनी आणि राज्यांनी आराखडे केले. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने 2023 मध्ये 18 राज्यांतील असे 37 आराखडे तपासले, तेव्हा धोका नेमका कोणत्या लोकांना अधिक आहे याची पद्धतशीर पाहणी केवळ दोहोंत आढळली आणि पैसा कोठून यावयाचा याचा उल्लेख केवळ अकरांत. त्याच वर्षी 16 एप्रिल रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर भर उन्हात एक शासकीय समारंभ झाला आणि उष्माघाताने 14 जणांचा बळी गेला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर नोंदलेले तापमान 38 अंशांच्या आसपास होते. अहमदाबादच्या कोष्टकानुसार तो दिवस पिवळाही ठरला नसता! किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर निवत नाही आणि म्हणून तेथे कमी तापमानही जीवघेणे ठरते. हवामान खातेही उष्णतेच्या लाटेचा विचार करताना सपाट प्रदेशासाठी 40 अंश, तर किनाऱ्यासाठी 37 अंश हा उंबरठा मानते. म्हणजे ज्ञान येथेही होते; समारंभाची वेळ ठरविणाऱ्या टेबलापर्यंत ते गेले नाही, एवढेच.

तेव्हा प्रश्न आणखी अहवालांचा नसून ते पोहोचविणाऱ्या माणसांचा आहे. प्रत्येक जिल्ह्यात या कामासाठी नेमलेला अधिकारी हवा आणि त्याची बदली झाली तरी काम अडू नये यासाठी लेखी कार्यपद्धती हवी. इशारे सोप्या मराठीत हवेत. शास्त्रज्ञांनी अंदाजातील अनिश्चितता लपवू नये. आणि अंदाज शंभर टक्के खरा ठरण्याची वाट पाहत शासनाने हातावर हात ठेवून बसू नये. धोरण ठरविणे हे आपले काम नव्हे, अशी काही शास्त्रज्ञांची भूमिका असते आणि ती तत्त्वतः योग्यही आहे. निर्णय लोकांना उत्तरदायी असणाऱ्यांनीच घ्यावयाचा असतो. पण त्या निर्णयाचे परिणाम काय होतील हे निर्णयापूर्वी, समजेल अशा भाषेत सांगणे हे शास्त्रज्ञाचेच काम आहे.

या साखळीतील शेवटच्या कड्या आपल्या नित्य परिचयाच्या आहेत. इशाऱ्याचा कागद पुढे पाठविणारा कारकून, शाळेची वेळ बदलणारा मुख्याध्यापक, मृत्यूचे खरे कारण नोंदविणारा डॉक्टर, यांच्याविना कितीही मोठे शास्त्र अपुरेच राहील. अहमदाबादने दाखवून दिले ते हेच की, एक आकडा वेळेवर योग्य टेबलावर पोहोचला तर माणसे वाचतात. तो कागद टेबलावर पडून राहिला, तर त्याचा हिशेब पुढे मृत्युनोंदींच्या वहीतच करावा लागतो.