मोटारीचे दोष स्वतः तपासण्याविषयीं

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं आज डिझेलवर चालणारी चारचाकी उभी असते. आणि तिच्या डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला कीं, धनी निमूटपणें तालुक्याच्या वर्कशॉपची वाट धरतो. कंपनीच्या कारागिराजवळ तपासणीचें जें साधन असतें तें आपणांस हातीं धरतां येईल काय, याचा येथें विचार करूं.

स्टिअरिंगच्या खालीं, गुडघ्याजवळ, १६ पिनांचें एक सॉकेट असतें. अमेरिकेंत १९९६ सालापासून नव्या मोटारींस तें सक्तीचें झालें. आपल्याकडील २०१३ नंतरच्या मोटारींतही तें आढळतें. त्यांत बसणारें साधें यंत्र स्वस्त मिळतें, परंतु तें बहुधा इंजिनाच्या धुराशीं संबंध असलेले कोड तेवढे वाचतें. कंपनीच्या दर्जाचें सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालतें. तें ब्रेक, एअरबॅग, गिअर इत्यादि सर्व संगणकांशीं बोलतें, एखादा भाग हुकमानें चालवून पाहतें आणि नव्या भागाची नोंदही करतें. ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. त्याचें सॉकेट व त्याचे संकेत बहुधा भिन्न असल्यानें मोटारीचें साधन तेथें उपयोगी पडत नाहीं.

आतां कोड म्हणजे निदान नव्हे, हें आम्हीं पैसे घालवून शिकलों. ऊसतोडीच्या दिवसांत आमची गाडी घाट चढतांना दम टाकूं लागली. साध्या यंत्रानें 'पी ००८७' हा कोड दाखविला. त्याचा अर्थ इतकाच कीं, इंजेक्टरांस डिझेल पुरविणाऱ्या नळींतील दाब कमी आहे. एका वर्कशॉपनें उच्च दाबाचा पंपच बदलण्याचा सल्ला दिला. आम्हीं शहाणपणा करून दाबाचा सेन्सर विकत आणून बसविला. दिवा पुनः लागला.

पुढें आमच्या भाच्यानें लॅपटॉप जोडला. तो शेजारीं बसून आंकडे पाहत होता व आम्ही गाडी चालवीत होतों. चालविणाऱ्यानें स्वतः पडद्याकडे पाहणें धोक्याचें आहे. साधें यंत्र बहुधा मिळालेला दाब तेवढा दाखवितें, येथें मागितलेला दाबही दिसत होता. गाडी उभी असतां संगणक ३०० बार मागत होता व तितकाच मिळत होता. चढावर मागणी १४०० बारची, मिळकत ९०० ची, आणि तीही उतरती. इंजिन बंद असतां सेन्सर शून्याजवळ होता. अर्थात् तो खोटें बोलत नव्हता. थोडें डिझेल लागतें तेव्हां पुरतें आणि अधिक लागतें तेव्हां अपुरें पडतें, तेव्हां पंपाच्याही अलीकडे वाट तुंबली असावी असा तर्क केला. फिल्टर उघडतांच त्यांत पाणी व काळा गाळ निघाला. शेतावर पिंपांत साठविलेलें डिझेल आम्हींच गाडींत ओतलें होतें! फिल्टर बदलला आणि काम झालें. पंपाचा खर्च वांचला, सेन्सराचा मात्र गेला.

म्हणून दिवा लागल्यास कोड पुसण्याची घाई करूं नये. कोडाबरोबर त्या क्षणींचा वेग, उष्णता, भार इत्यादि आंकडेही साठविलेले असतात. पुसल्यावर तेही जातात. प्रथम सर्व लिहून घ्यावें.

हीं साधनें मिळण्याची अडचण जुनीच आहे. सुटे भाग व तपासणीचीं साधनें बाहेरच्या कारागिरांस मिळत नाहींत या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानें ऑगस्ट २०१४ मध्यें चौदा मोटार कंपन्यांस दंड ठोठावला होता. युरोप-अमेरिकेंत कित्येक कंपन्यांचें सॉफ्टवेअर थोड्या दिवसांच्या वर्गणीनें रीतसर घेतां येतें. आपल्या बाजारांत चोरट्या प्रती विकल्या जातात. त्यांच्या भरंवशावर गाडीच्या संगणकांत कांहीं लिहूं जाणें म्हणजे विस्तवाशीं खेळ आहे.

वाचणें आणि लिहिणें यांत मोठा भेद आहे. वाचण्यानें गाडीचें सहसा कांहीं बिघडत नाहीं. लिहितांना बॅटरी उतरली किंवा वीज जाऊन बाहेरचा पुरवठा तुटला तर संगणक निकामी होऊं शकतो; भारनियमनाच्या गांवीं हें काम करूंच नये. इंजेक्टर बदलल्यावर मात्र पुष्कळ गाड्यांत त्यावर कोरलेला क्रमांक संगणकांत नोंदवावा लागतो. गांवचा कारागीर तें विसरतो आणि गाडी थरथरूं लागली कीं दोष नव्या इंजेक्टरास देतो. एअरबॅग व ब्रेक यांचें काम आम्ही जाणत्या कारागिराकडेच नेतों. हमीची मुदत चालू असेल तर आधीं कंपनीस लेखी विचारावें.

सॉफ्टवेअरच्या हुकमानें धुरांड्यांतील काजळीची गाळणी जाळून साफ करतां येते, आणि हाच प्रयोग शेतकऱ्यास सर्वांत धोक्याचा. त्या वेळीं आंतील उष्णता सुमारें ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. कडब्याची गंजी, वाळलें गवत किंवा पाचट जवळ असतां तो कदापि करूं नये. गाडी मोकळ्या मुरमाड जागीं उभी करावी, पाण्याचा हंडा हाताशीं ठेवावा, आणि धुरांडें पुरतें निवेपर्यंत ती गोठ्याजवळ आणूं नये.