हृदयाची घाटातली परीक्षा

मुंबईहून चिंचवडकडे माल घेऊन येणारा एखादा जुना ट्रक तुम्ही खंडाळ्याच्या घाटात पाहिला आहे का? सपाट रस्त्यावर तो ऐटीत धावत असतो. पण खोपोली सोडून चढ सुरू झाला, की त्याला धाप लागते, धूर सुटतो आणि मागे गाड्यांची रांग लागते. इंजिनातला दोष काही घाटात निर्माण झालेला नसतो. तो आधीपासूनच असतो. चढ लागेपर्यंत कळत नाही, एवढेच. म्हणूनच इंजिनाची परीक्षा घेताना ते डायनॅमोमीटर नावाच्या यंत्राला जोडून त्याच्यावर मुद्दाम भार टाकतात. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात इंजिनांचे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो तुम्हांला हे सांगेल.

हृदयाचेही असेच आहे.

समजा, भोसरीच्या एका कारखान्यात पन्नाशीचे एक फिटरकाका काम करतात. दुसरी पाळी संपवून घरी आले आणि तिसरा मजला चढू लागले, की त्यांच्या छातीत आवळल्यासारखे होते. पाच मिनिटे बसले, की बरे वाटते. डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचा विद्युत-आलेख, म्हणजे ई. सी. जी., काढला. त्यात काहीच दोष दिसला नाही. मग काकांचे दुखणे खोटे का? मुळीच नाही. आलेख काढताना काका पलंगावर स्वस्थ पडून होते. ट्रक सपाट रस्त्यावर होता!

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते. पण खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त कोण पुरवते? हे काम हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या रक्तवाहिन्या करतात. त्यांना हृद्‌रोहिण्या म्हणतात. हृदयाचा स्नायू मोठा खादाड आहे. आपण विश्रांती घेत असतानाही तो आपल्याकडे येणाऱ्या रक्तातला जवळजवळ तीन-चतुर्थांश प्राणवायू काढून घेतो. त्यामुळे काम वाढले, तर त्याला जास्त रक्तच लागते. निरोगी हृद्‌रोहिण्या हा पुरवठा तीन-चार पटींनी वाढवू शकतात.

आता एखाद्या रोहिणीत चरबीचा थर साचून ती अरुंद झाली, तर काय होईल? तिच्या पुढच्या बारीक वाहिन्या आपण होऊन रुंद होतात आणि तूट भरून काढतात. म्हणून विश्रांतीत सारे सुरळीत चालते. पण असे करताना त्यांची रुंद होण्याची शिल्लक ताकद खर्च झालेली असते. जिना चढताना मागणी वाढते, पुरवठा मात्र वाढत नाही. आणि छातीत कळ येते. चालताना येणाऱ्या आणि थांबताच जाणाऱ्या या कळेचे वर्णन विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्याने १७७२ साली प्रसिद्ध केले होते.

ही तूट चित्रात पाहता येते का? येते. त्यासाठी एम. आर. आय., म्हणजे चुंबकीय अनुस्पंदनाने चित्र घेणारे यंत्र, वापरतात. आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनचे प्रत्येक अणुकेंद्र एखाद्या चिमुकल्या चुंबकासारखे असते. यंत्राच्या बोगद्यात बहुधा १.५ टेस्ला इतके, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक, क्षेत्र असते. त्यात ही अणुकेंद्रे भोवऱ्यासारखी डुलू लागतात, तीही सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा! नेमक्या तेवढ्याच वारंवारतेचे रेडिओ-तरंग सोडले, की झोपाळ्याला योग्य क्षणी रेटा द्यावा तशी ती ऊर्जा घेतात. तरंग थांबताच ती स्वतः क्षीण रेडिओ-संदेश देतात आणि त्यांवरून संगणक चित्र तयार करतो. या संदेशांतून चित्र घडवण्याची वाट पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली दाखवली. त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना त्यासाठी २००३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगावकडे गेलात, तर जवळच खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. ती दूरच्या दीर्घिकांमधील हायड्रोजनचे रेडिओ-संदेश टिपते. रुग्णालयातले हे यंत्र आपल्या छातीतल्या हायड्रोजनचे संदेश टिपते!

पण बोगद्यात झोपून धावायचे कसे? इथे डॉक्टर एक युक्ती करतात. हृदयाच्या स्नायूला प्राणवायू कमी पडला, की तो स्वतःच अ‍ॅडेनोसीन नावाचा पदार्थ सोडतो आणि त्यामुळे बारीक वाहिन्या रुंद होतात. हेच अ‍ॅडेनोसीन हाताच्या शिरेतून काही मिनिटे देतात. निरोगी रोहिण्यांमधला प्रवाह कितीतरी वाढतो. अरुंद रोहिणीतला मात्र वाढू शकत नाही. लगेच गॅडोलिनियम या धातूचे एक संयुग शिरेत सोडतात. ते रक्ताबरोबर जिथे पोहोचते, तो भाग चित्रात उजळतो. भरपूर रक्त मिळणारा स्नायू उजळतो आणि उपाशी भाग काळा राहतो. नंतर विश्रांतीतही अशीच चित्रे घेतात. सुमारे दहा मिनिटांनी आणखी काही चित्रे घेतात. त्यांत पूर्वी मेलेल्या स्नायूचा व्रण पांढरा दिसतो, कारण गॅडोलिनियम तिथे रेंगाळते. म्हणजे कोणता भाग निरोगी, कोणता उपाशी आणि कोणता मेलेला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच परीक्षेत मिळतात.

अ‍ॅडेनोसीनमुळे काही क्षण छाती जड वाटते आणि चेहरा तापतो. पण रक्तात ते काही सेकंदांतच नाहीसे होऊ लागते. दम्याच्या रुग्णाला ते बहुधा देत नाहीत. परीक्षेआधी चोवीस तास चहा-कॉफीही बंद! कारण चहातले कॅफीन अ‍ॅडेनोसीनची जागा अडवून बसते आणि परीक्षा फसते. पाळीत चार वेळा चहा घेणाऱ्या काकांना हे पथ्य जडच जाईल.

या परीक्षेचा उपयोग किती? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीच्या कळेचे ९१८ रुग्ण होते. काहींचे उपचार या परीक्षेवरून ठरवले, तर काहींचे हृद्‌रोहिणीत तार घालून दाब मोजून. वर्षभरानंतर दोन्ही गटांची प्रकृती सारखीच होती. पण रोहिणी रुंद करण्याचे उपचार पहिल्या गटात सुमारे ३६ टक्के, तर दुसऱ्यात ४५ टक्के लोकांना करावे लागले.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा. लेथवर किंवा ग्राइंडिंगवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर त्याने ते यंत्राजवळ जाण्याआधी सांगितलेच पाहिजे. चुंबकाने तो कण हलला, तर डोळा जाऊ शकतो. गरज वाटल्यास डॉक्टर आधी क्ष-किरणांनी डोळा तपासतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही परीक्षा जिना चढताना येणाऱ्या आणि बसल्यावर जाणाऱ्या कळेसाठी आहे. छातीतली कळ बसूनही थांबली नाही, घाम फुटला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकू लागले, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. तेव्हा १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवा. "गॅस झाला असेल, पाळी संपली की बघू," असे घरातले कुणी म्हणू लागले, तर त्यांचे ऐकू नका. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही आणि त्या वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते.