दरसाल एक डॉलर, दहा वर्षे

क्युपर्टिनोत आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या आधी त्यांनी आम्हा उभयतांना त्यांच्या चर्चमध्ये मदतीला बोलावले. काम साधे होते. डबाबंद अन्नाची खोकी भरायची आणि वेस्ट व्हॅली कम्युनिटी सर्व्हिसेसमध्ये पोचवायची. ही संस्था १९७३ पासून इथल्या गरजू कुटुंबांना मदत करत आहे. ज्या गावात घराची किंमत ऐकून भारतातले नातेवाईक फोनवर गप्प होतात, त्याच गावात शिध्यासाठी रांग लागते हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

कॉफीच्या वेळी बाईंनी चर्चच्या हिशेबाचा कागद दाखवला. मी सॉफ्टवेअरवाला, कोष्टक दिसले की वाचतोच. सभासद वर्षारंभीच आपण किती देणार हे लेखी कळवतात आणि त्यावर अंदाजपत्रक बेततात. पगार आणि इमारत यांच्याखाली ‘मिशन’ हे वेगळे सदर होते. त्यात गावातले अन्नवाटप, बेघरांचा निवारा, परदेशातला एक दवाखाना आणि धर्मप्रचारक अशा स्वतंत्र ओळी होत्या. प्रत्येक ओळीमागे समितीतला एक माणूस, आणि त्याने वर्षाकाठी अहवाल द्यायचा.

मी बाईंना म्हटले, “माझा जन्म मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातला.” डॉ. विल्यम वानलेस यांनी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८९४ मध्ये ते रुग्णालय सुरू केले. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी तिथल्या खाटा पाहिल्या, पण ते उभे करायला पैसे कोणी दिले हे कोणी विचारले नाही. असाच एखादा कागद कुठल्यातरी चर्चमध्ये फिरला असणार.

याहून जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या १८८६ मध्ये अमेरिकेत आल्या आणि जवळजवळ तीन वर्षे गावोगावी व्याख्याने देत फिरल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. युनिटेरियन धर्मोपदेशक एडवर्ड एव्हरेट हेल तिचे अध्यक्ष होते. ठिकठिकाणच्या ‘रमाबाई सर्कल’च्या सभासदांनी वचन दिले ते असे : दरसाल निदान एक डॉलर, दहा वर्षे. १८८८ मध्ये रमाबाई आपल्या शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोतूनच बोटीने परत निघाल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. तिथली एक आरंभीची विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. एका डॉलरचे मोल दहा वर्षांच्या खात्रीत होते. पुढच्या वर्षी किती येणार हे ठाऊक असले, की शाळेला शिक्षिका नेमता येते.

“पण धर्मांतराचे काय?” हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल आणि तो रास्त आहे. शारदासदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते, तरी त्यावरून पुण्यात वाद पेटला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मला यातून इतकेच घ्यावेसे वाटते, की पैसा कशासाठी आहे हे देणाऱ्याने आधी विचारावे आणि घेणाऱ्याने स्पष्ट लिहावे. शेजारणीच्या कागदावर सेवा आणि प्रचार वेगळ्या ओळींत होते. आम्ही अन्नवाटपाच्या ओळीला चेक दिला, आणि तो त्याच ओळीत जमा झाल्याची पावती आली.

आता आमची फजिती. सौ. अमेरिकन नागरिक झाल्या आहेत, माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. मिरजेजवळच्या एका छोट्या शाळेला आम्ही सौं.च्या खात्यातून पैसे पाठवले. शाळेने ते नम्रपणे परत केले, कारण तिची एफसीआरएखाली नोंदणी नव्हती. त्या वर्षी शाळेचे पत्रे बदलायचे राहिले. इतरांचे असे होऊ नये म्हणून थोडी माहिती देतो :

१. परदेशी नागरिकाची देणगी, मग तो ओसीआय का असेना, भारतात विदेशी देणगी ठरते. ती घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच आधी जमा व्हावी लागते. भारतीय पासपोर्टधारकाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गे पाठवलेली रक्कम यात येत नाही.

२. भारतातील संस्थेला थेट दिलेल्या पैशांवर अमेरिकेत करसवलत मिळत नाही. त्यासाठी इथली ५०१(सी)(३) मान्यता असलेली संस्था निवडावी. २५० डॉलर किंवा अधिक देणगीची लेखी पावती विवरणपत्र भरण्यापूर्वी हाती असावी.

३. २०२६ च्या करवर्षापासून स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांनाही रोख देणगीवर एकट्याने १,००० आणि जोडप्याने २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. चेक आणि कार्ड यात रोखच धरतात.

४. कंपनीचे शेअर वर्षाहून अधिक काळ ठेवले असून भाव वाढला असेल, तर विकून पैसे देण्याऐवजी शेअरच द्यावेत. वाढीवरचा कर लागत नाही.

५. आपली कंपनी देणगीला तितकीच जोड देते का, हे जरूर विचारावे.

आता आम्ही दोघांनी ठरवले आहे. दिवाळीत उमाळा आला म्हणून मोठा चेक फाडायचा नाही. शाळेला माझ्या भारतीय पासपोर्टवर, माझ्याच बचतीतून, दरमहा ठरलेली रक्कम जाईल आणि किती वर्षे जाईल हे शाळेला पत्राने कळवले आहे. मुख्याध्यापकांचे उत्तर आले : पत्र्यांचे काम मेमध्ये काढतो.