चाकाच्या तुंब्यातील नळी

आपल्या संघाच्या सभासदांपैकी बहुतेकांच्या पेढीवर आज एखादी तरी मोटारसायकल असतेच. वसुलीसाठी, मालाचे नमुने दाखविण्यासाठी आणि आठवड्याच्या बाजारांसाठी आपली मुले व पुतणे तिच्यावरून गावोगाव फिरत असतात. गाडीचे तेल आणि चाकातील हवा यांकडे आपण लक्ष पुरवितो. परंतु ज्या बेअरिंगांवर चाक फिरते त्यांची आठवण ती खडखडू लागल्यावाचून होत नाही. त्या बेअरिंगांच्या मध्ये असणाऱ्या एका साध्या पोलादी नळीविषयी येथे चार शब्द लिहावयाचे आहेत. मी धान्याचा व्यापारी, यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. परंतु या नळीने आमच्या घरी जो धडा दिला तो इतरांच्याही उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

मोटारसायकलच्या पुढील चाकाच्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये, दोन्ही बाजूंस एकेक बेअरिंग बसविलेले असते. बेअरिंगला एक बाहेरची आणि एक आतली अशा दोन कड्या असून त्यांमध्ये छर्रे असतात. बाहेरची कडी चाकाबरोबर फिरते; आतली कडी ॲक्सलबरोबर स्थिर राहते. दोन्ही आतल्या कड्यांच्या मध्ये ॲक्सलभोवती जी नळी असते तिला कारागीर स्पेसर किंवा डिस्टन्स पीस म्हणतात.

या नळीचे काम काय? ॲक्सलचा नट नीट आवळला म्हणजे त्याचा आडवा दाब दहा क्विंटलांहूनही अधिक होतो. म्हणजे पन्नास किलोची वीस पोती एकावर एक रचल्यासारखे झाले. हा दाब एका बाजूच्या कडीतून नळीत, नळीतून दुसऱ्या बाजूच्या कडीत, असा सरळ निघून जातो. छर्ऱ्यांना त्याची झळ लागत नाही. नळी नसेल अथवा आखूड असेल, तर आतल्या दोन्ही कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि तो सारा भार छर्ऱ्यांवर आडवा पडतो. बेअरिंग तापते, वंगण जळते आणि नवे बेअरिंगही थोड्याच दिवसांत निकामी होते.

आमच्याकडे नेमके असेच घडले. पुतण्याच्या गाडीचे पुढील बेअरिंग एका वर्षात तीनदा बदलावे लागले. प्रत्येक वेळी दोष मालाला दिला गेला. तिसऱ्या खेपेस नट आवळल्यावर चाक जड फिरू लागले, तेव्हा कारागिराने नट थोडा सैल ठेवून चाक मोकळे केले. पुढे बाजाराहून परतताना एका वळणावर ब्रेक लावताच हँडल थरथरू लागले. पुतण्याने प्रसंगावधान राखून गाडी थांबविली व उतरून पाहिले, तो नट हाताने फिरत होता. आणखी दोन मैल तो तसाच गेला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मनाला चटका लावतो.

बेळगावच्या उद्यमबागेतील एका वृद्ध टर्नरने व्हर्नियरने मोजून दोष दाखविला. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी छिन्नीचे घाव बसून नळीचे तोंड पसरले होते, आणि ते सपाट करण्यासाठी कोणीतरी कानस चालविली होती. नळी अर्धा मिलिमीटर आखूड झाली होती. दोष बेअरिंगांचा नव्हताच. दोष मापाचा होता. तराजूवर आयुष्य घालविलेल्या मला हे सहा महिने आधी सुचावयास हवे होते.

नळीची लांबी तुंब्यातील दोन्ही बैठकांमधील अंतराइतकी किंवा त्याहून किंचित अधिक असावी. कमी कदापि नसावी. प्रथम एक बेअरिंग बैठकीपर्यंत पूर्ण बसवावे, मग नळी घालावी आणि दुसरे बेअरिंग नळीला टेकेपर्यंतच आत न्यावे. बोटाने रेटल्यास नळी थोडी सरकावी, पण खुळखुळू नये.

बेअरिंगच्या घट्टपणाचाही नियम आहे. बाहेरची कडी फिरत असल्याने तिच्या प्रत्येक बिंदूवर आळीपाळीने भार येतो. ती सैल असेल तर तुंब्यात घसरत जाऊन बैठक खाते. म्हणून ती दाबून बसवावी लागते. ॲक्सल मात्र आतल्या कडीत हाताने सरकला पाहिजे. बाहेरची कडी बसविताना हातोड्याचे घाव घालण्यापेक्षा तुंबा तापविणे श्रेयस्कर. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ३५ मिलिमीटर व्यासाची बैठक ८० अंशांनी तापविल्यास सुमारे सहा शतांश मिलिमीटर रुंदावते आणि थंड बेअरिंग अलगद आत जाते. ठोकणे भागच पडले तर बाहेरच्या कडीवरच ठोकावे. आतल्या कडीवर घाव घातल्यास छर्ऱ्यांच्या वाटेवर खळगे पडतात.

बेअरिंग विकत घेताना त्यावरील अंक वाचावा. ६२०२ या बेअरिंगचे आतील छिद्र १५, बाहेरील व्यास ३५ आणि जाडी ११ मिलिमीटर असते. दिसावयास सारखे म्हणून दुसरे घेऊ नये.

सभासदबंधूंस एवढीच विनंती, की चाक उघडले असता काढलेले भाग ओळीने फडक्यावर मांडून ठेवावयास सांगावे आणि पैसे देण्यापूर्वी नट पूर्ण आवळून चाक हाताने फिरवून पाहावे. ते जड फिरले तर नट सैल करू देऊ नये. नळी मोजावयास सांगावी. ईर्यासमिती हा मुनींचा नियम खरा, परंतु रस्त्यावर वाहन घेऊन निघणाऱ्या गृहस्थानेही स्वतःच्या व इतरांच्या जिवासाठी एवढे जपणे हे त्याचे कर्तव्यच होय.