नियंत्रण प्रणाली : मूलतत्त्वे आणि भारतीय वीज-ग्रीडचा अनुभव

विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. धान्य गोदामात साठवता येते, पाणी धरणात अडवता येते; परंतु ग्रीडमधून वाहणारी वीज बव्हंशी ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी वापरली जाते. भारतात 30 मे 2024 रोजी विजेच्या मागणीने सुमारे 2,50,000 मेगावॅटचा उच्चांक गाठला. कोट्यवधी ग्राहक आपापल्या सोयीने बटणे दाबत असताना एवढ्या प्रचंड उलाढालीत समतोल राखणे ही कोणा एका अधिकाऱ्याच्या आवाक्यातील गोष्ट नव्हे. हे काम ज्या शास्त्राच्या आधारे होते, ते म्हणजे नियंत्रण प्रणाली अभियांत्रिकी. या शास्त्राची मूलतत्त्वे समजून घेण्यासाठी देशाच्या वीज-ग्रीडइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. कारण येथे यंत्रांचे नियंत्रण आणि आर्थिक धोरण हातात हात घालून चालतात.

मोजणे, ताडणे, सुधारणे

कोणत्याही नियंत्रण प्रणालीत चार घटक असतात. ज्या राशीवर ताबा ठेवायचा तिचे अपेक्षित मूल्य आधी ठरवले जाते. प्रत्यक्ष मूल्य मोजण्यासाठी संवेदक असतो. दोहोंमधील तफावत पाहून काय करावे हे नियंत्रक ठरवतो आणि झडप, मोटार यांसारखी साधने ती सुधारणा प्रत्यक्षात आणतात. सुधारणेचा परिणाम पुन्हा मोजला जातो व चक्र पूर्ण होते. फलिताची माहिती अशा रीतीने नियंत्रकाकडे परत येण्याला पुनःप्रदाय म्हणतात. व्यवहारात ‘फीडबॅक’ हा शब्द रूढ आहे.

असा पुनःप्रदाय नसलेली प्रणाली ‘खुली’ समजली जाते. ठरावीक वेळी सुरू होणारे आणि ठरावीक वेळी बंद होणारे रस्त्यावरील दिवे हे तिचे उदाहरण. पावसाळी दिवशी दुपारीच अंधारून आले तरी घड्याळावर चालणाऱ्या दिव्यांना त्याची खबर नसते. उलट, पुरेसे तापताच बंद होणारी आणि थंड होताच पुन्हा सुरू होणारी विजेची इस्त्री ही ‘बंदिस्त’ प्रणाली होय. खुली प्रणाली स्वस्त व साधी असते. मात्र अनपेक्षित बदलांपुढे ती निरुपाय ठरते.

या विचाराचे यंत्ररूप प्रथम ठळकपणे दिसले ते जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनावर. 1788 मध्ये वॅटने इंजिनाला दोन फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. वेग वाढला की गोळे बाहेरच्या बाजूस फेकले जात आणि वाफेची झडप आवळली जाई. वेग मंदावला की झडप सैल होई. काही गव्हर्नर वेग स्थिर करण्याऐवजी त्याला हेलकावे का देतात, या प्रश्नाची गणिती मीमांसा जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1868 मध्ये केली. नियंत्रणशास्त्राचा सैद्धांतिक पाया तेथे घातला गेला.

हेलकाव्यांचे कारण समजण्यास कठीण नाही. मोजमाप आणि सुधारणा यांच्यामध्ये काही काळ जातोच. या विलंबाचा विचार न करता जोरदार सुधारणा केली, तर ती लागू होईपर्यंत परिस्थिती पालटलेली असते आणि उपायच नव्या तफावतीला जन्म देतो. गरम पाण्याचा नळ अधीरतेने फिरवणाऱ्याच्या अंगावर आळीपाळीने कढत आणि गार पाणी येते, तसाच हा प्रकार. म्हणून सुधारणेची तीव्रता आणि विलंब यांचे प्रमाण राखणे, म्हणजेच स्थैर्य साधणे, हे नियंत्रण अभियंत्याचे पहिले कर्तव्य मानले जाते.

पन्नास हर्ट्झची नाडी

भारतीय ग्रीडमध्ये विद्युतप्रवाहाची वारंवारता 50 हर्ट्झ राखणे अपेक्षित असते. औष्णिक केंद्रांतील बहुतेक मोठी जनित्रे त्यासाठी मिनिटाला 3,000 फेरे घेतात. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की फिरत्या यंत्रांवर बोजा पडून वेग मंदावतो व वारंवारता घसरते; मागणी घटली की ती चढते. त्यामुळे एकाच आकड्यावरून संपूर्ण ग्रीडच्या समतोलाची कल्पना येते.

नियंत्रणाची पहिली फळी जनित्राच्या गव्हर्नरची असते. तफावतीच्या प्रमाणात तो उत्पादन बदलतो. उदाहरणार्थ, 5 टक्के उतार ठेवलेल्या 500 मेगावॅटच्या जनित्राने वारंवारता 0.1 हर्ट्झने घसरताच सुमारे 20 मेगावॅट अधिक वीज द्यावी, असे गणित असते. या प्रतिसादामुळे घसरण थांबते. परंतु वारंवारता मूळ जागी परतत नाही. कारण तफावत शून्य झाली तर अधिकचे उत्पादनही शून्य होईल. प्रमाणाधिष्ठित नियंत्रणाची ही अंगभूत मर्यादा आहे. ती ओलांडण्यासाठी साचत गेलेल्या तफावतीची बेरीज लक्षात घेणारी दुसरी फळी लागते. राहिलेली तफावत कितीही लहान असली तरी ती टिकून असेपर्यंत बेरीज वाढत जाते आणि सुधारणा चालू राहते. भारतात या स्वयंचलित दुय्यम नियंत्रणाचा पथदर्शी प्रयोग जानेवारी 2018 मध्ये दादरी येथील औष्णिक केंद्रात सुरू झाला व पुढे त्याचा विस्तार झाला. या व्यवस्थेत दर चार सेकंदांनी केंद्रांना संदेश जातात.

दर हाच संदेश

स्वयंचलित दुय्यम नियंत्रण येण्यापूर्वी भारताने एक वेगळा मार्ग अवलंबिला होता. 1990 च्या दशकात वारंवारता कधी 48 हर्ट्झपर्यंत घसरे, तर रात्री मागणी ओसरल्यावर ती 51 च्याही वर जाई. टंचाईच्या वेळी ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याला त्याची वेगळी किंमत मोजावी लागत नसे आणि मागणी नसताना उत्पादन कमी करण्यात केंद्रांना लाभ नसे. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या जानेवारी 2000 मधील आदेशानुसार उपलब्धतेवर आधारित दरपद्धती ठरली आणि जुलै 2002 मध्ये पश्चिम विभागापासून तिची अंमलबजावणी सुरू झाली.

या पद्धतीत दिवसाचे पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडून प्रत्येकासाठी वेळापत्रक ठरू लागले. वेळापत्रकाबाहेरील विजेचा दर त्या वेळच्या वारंवारतेशी जोडला गेला. प्रारंभीच्या रचनेत 50.5 हर्ट्झला तो शून्य, तर 49 हर्ट्झच्या आसपास युनिटला 4 रुपये 20 पैसे होता. टंचाईत अधिक वीज ओढणे महाग झाले आणि अधिक निर्मिती करणे किफायतशीर. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा किंमतसंकेत होता. नियंत्रणशास्त्राच्या परिभाषेत तो ऋण पुनःप्रदाय होता. वारंवारतेचे मोठे चढउतार अल्पावधीत आटोक्यात आले.

जे मोजले नाही ते निसटले

मात्र या यशाला मर्यादा होती. 30 जुलै 2012 रोजी पहाटे उत्तर ग्रीड कोसळले. दुसऱ्याच दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही ग्रीड कोसळली. सुमारे 60 कोटी लोकसंख्येचा प्रदेश वीजहीन झाला, रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि खाणकामगार भूगर्भात अडकले.

चौकशीतून पुढे आलेली एक बाब नियंत्रणशास्त्राच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. कोसळण्यापूर्वी 30 जुलैला वारंवारता 49.68 हर्ट्झ होती, तर 31 जुलैला 49.84. आकडा घबराट उडवणारा नव्हता. धोका होता तो पश्चिमेकडून उत्तरेकडे वीज नेणाऱ्या मार्गांवर. त्यांतील अनेक वाहिन्या बंद होत्या; उत्तरेतील राज्ये ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढत होती आणि पश्चिमेकडील कमी. सारा भार बीना-ग्वाल्हेर या 400 किलोव्होल्टच्या वाहिनीवर आला, ती सुटली आणि पुढचा घटनाक्रम आवरता आला नाही. वारंवारतेवर बेतलेल्या दरात वाहिनीवरील ताणाचे प्रतिबिंब पडत नव्हते. प्रणाली ज्या राशीचे मोजमाप करते तिच्यावरच तिचे नियंत्रण चालते, हा धडा देशाला मोठी किंमत देऊन मिळाला.

2014 मध्ये नियम बदलले. वारंवारतेचा अनुज्ञेय पट्टा 49.90 ते 50.05 हर्ट्झ इतका अरुंद करण्यात आला आणि दराच्या जोडीला वेळापत्रकापासून किती मेगावॅट ढळता येईल, यावरही मर्यादा आली. तत्पूर्वी, 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर या 765 किलोव्होल्ट वाहिनीद्वारे दक्षिण ग्रीड उर्वरित देशाशी जोडले गेले आणि संपूर्ण राष्ट्रीय ग्रीड एकाच वारंवारतेवर चालू लागले.

धक्क्याआधीची तयारी

पुनःप्रदाय तफावत निर्माण झाल्यावरच कामाला लागतो. येणारा धक्का आधी ठाऊक असेल तर त्याची वाट पाहण्याचे कारण नसते. 5 एप्रिल 2020 रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे घरांतील दिवे मालवले गेले. मागणी 12 ते 13 हजार मेगावॅटने घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे 31,000 मेगावॅटने घटली. भार सांभाळणाऱ्या संस्थांनी औष्णिक उत्पादन आधीच कमी करून जलविद्युत वाढवून ठेवली होती आणि दिवे मालवू लागताच ती झपाट्याने उतरवली. वारंवारता 49.70 ते 50.26 हर्ट्झच्या दरम्यान राहिली. अंदाज चुकूनही ग्रीड सावरले, याचे श्रेय पूर्वतयारी आणि पुनःप्रदाय यांच्या संयोगाला द्यावे लागेल.

पुढील आव्हान

सौर आणि पवन ऊर्जेच्या वाढीमुळे या शास्त्राचे महत्त्व आणखी वाढणार आहे. औष्णिक व जलविद्युत केंद्रांतील अवजड फिरत्या यंत्रांत जडत्व असते. अचानक धक्का बसला तरी त्यांचा वेग एकदम कोसळत नाही आणि नियंत्रकाला काही सेकंद मिळतात. सौर पॅनेलमध्ये फिरणारा भागच नाही. त्यांचा वाटा वाढेल तसतसा हा नैसर्गिक अवधी घटत जाईल आणि सुधारणा अधिक चपळ असावी लागेल. शिवाय सूर्यास्तासमयी सौर उत्पादन ओसरते, नेमकी त्याच सुमारास घरगुती मागणी चढू लागते. कोयनेसारखी काही मिनिटांत उत्पादन बदलू शकणारी जलविद्युत केंद्रे, घाटघरसारखे पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प आणि विद्युतघटांचे मोठे संच यांची उपयुक्तता येथे आहे.

अशा साधनांचे मूल्य त्यांनी वर्षभरात किती युनिट वीज दिली यावरून ठरवणे पुरेसे नाही. ती किती त्वरेने आणि किती नेमक्या वेळी दिली, यालाही मोबदला हवा. योग्य राशी मोजणे, वेळेत संदेश पोहोचवणे आणि बेताची सुधारणा करणे ही तिन्ही पथ्ये दरपत्रक आखणाऱ्यांनाही तितकीच लागू आहेत. ती पाळली गेली तर ग्रीडचा समतोल टिकेल. अन्यथा त्याचा भुर्दंड शेतातील पंपापासून रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहापर्यंत सर्वांना सोसावा लागेल.