चिलटाचं म्हातारपण

"म्हातारपण का येतं गं?" मागच्या सुट्टीत गुडघ्याला तेल चोळता चोळता आजीने विचारलं. मी लगेच इंजिनीअरिंगचं उत्तर दिलं, "मशीनचे पार्ट झिजतात ना, तसंच." त्यावर ती म्हणाली, "मग मशीनला खरचटलं तर ते आपोआप भरून येतं का?" मी गप्प! वायवामध्ये सुद्धा एवढी गप्प झाले नव्हते.

मित्रांनो, मला उत्तर मिळालं ते पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांकडून. यांचं शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला. 25 अंश तापमानात अंड्यातून पूर्ण वाढलेली माशी व्हायला साधारण 10 दिवस लागतात, त्यामुळे थोड्या वर्षांत कितीतरी पिढ्या बघता येतात.

आधी थिअरी. 1952 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी मांडलं, की निसर्गाची निवड तरुणपणी कडक असते आणि वयाबरोबर ढिली पडत जाते. एखाद्या जनुकातल्या दोषाने लहानपणीच जीव गेला, तर तो दोष तिथेच संपतो. पण तो उतारवयात त्रास देणारा असेल, तर तोपर्यंत पोरांमध्ये पोचलेला असतो! 1957 मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज विल्यम्स यांनी भर घातली: काही जनुकं तरुणपणी फायद्याची, म्हातारपणी तोट्याची असतात, आणि तरी ती टिकतात. म्हणजे आज उधारी, वसुली नंतर.

हे खरं कशावरून? मायकेल रोझ यांनी चिलटांचे दोन प्रकारचे गट केले. एकात 14 दिवसांच्या पिढीची अंडी घेऊन पुढची पिढी वाढवायची. दुसऱ्यात फक्त म्हाताऱ्या माश्यांची अंडी घ्यायची. हे वय हळूहळू वाढवत त्यांनी 70 दिवसांपर्यंत नेलं. औषध नाही, जनुकांत ढवळाढवळ नाही, नुसती अंडी घ्यायची तारीख बदलली. 1984 साली निष्कर्ष छापून आले: साधारण 15 पिढ्यांत दुसऱ्या गटाचं आयुष्य स्पष्टपणे वाढलं होतं. मात्र या माश्या तरुणपणी अंडी कमी घालत होत्या. उधारी कमी, म्हणून वसुलीही कमी! म्हातारपण म्हणजे नुसती झीज असती, तर तारीख बदलून काय फरक पडला असता?

पुढे 1998 मध्ये कॅल्टेकमध्ये सीमोर बेन्झर यांच्या लॅबला असं एक जनुक सापडलं, की ज्यात बिघाड झाल्यावर माशी सरासरी 35 टक्के जास्त जगते. त्याचं नाव ठेवलं मेथुसेला. शाळेत बायबलच्या तासाला सिस्टर याच 969 वर्षं जगलेल्या आजोबांची गोष्ट सांगायच्या.

हे सगळं मी आजीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी उशिरा लग्न केलं असतं तर गुडघे बरे राहिले असते?" अगं आजी, तसं नव्हे! एकट्याने उशीर करून काही होत नाही, त्याला पिढ्यान्‌पिढ्या लागतात. तोपर्यंत तेल चालू ठेव.