मिशनवरच्या ज्येष्ठ जोडप्यांचं शरदातलं इंग्लंड

मॉर्मन पंथातली निवृत्त जोडपी स्वखर्चाने मिशनवर येतात. तरुण मिशनऱ्यांसारखं दारोदार फिरणं त्यांच्यामागे नसतं, त्यामुळे भटकंतीला सवड मिळते.

पहिला मान अर्थातच लँकेशरमधल्या प्रेस्टनचा. ३० जुलै १८३७ रोजी इथल्या रिबल नदीत पंथाचे ब्रिटनमधले पहिले बाप्तिस्मे झाले. आधी कोण, हे ठरवायला दोघे चक्क नदीपर्यंत धावले. जिंकला जॉर्ज वॉट. वूस्टरशरमधलं १८३६ सालचं गॅडफील्ड एल्म चॅपल छोटंसं, पण वाट वाकडी करण्याजोगं.

प्रेस्टनजवळच ब्लॅकपूल. तिथली समुद्रकाठची रोषणाई शरदात असते आणि फुकट बघता येते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. मग दुपारीच अंधारून येतं, तेव्हा किल्ले-बागा सकाळीच उरकाव्यात. ५ नोव्हेंबरला १६०५ च्या फसलेल्या कटाच्या आठवणीत शेकोट्या नि फटाके. नोव्हेंबरचा दुसरा रविवार युद्धातल्या मृतांचा. कोटावर कागदी पॉपी लावायची.

अमेरिकी पाहुण्यांची पंचाईत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी होते. इथे तो साधा कामाचा दिवस. थँक्सगिव्हिंगची टर्की आपली आपणच भाजावी लागते.